लय उतरवा, माऊली (गीता अध्याय 12, श्लोक 8 ते 12)



काल आपण बाराव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकापाशी थांबलो. माझ्या ठिकाणी चित्त लावणाऱ्याला मृत्यूच्या सागरातून मी स्वतः बाहेर काढतो, असं देव तिथे म्हणतात. आज एकदम पाच श्लोक घेतोय. रोज एक श्लोक हा आपला शिरस्ता आहे, पण हे पाच सुटे करून वाचले तर त्यातली गंमत हरवते. शिवाय आज ऑफिसला सुट्टी आहे आणि बरेच दिवस मनात साठलेलं काहीतरी लिहायचंय. तेव्हा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी अर्थ बघू. आठव्या श्लोकात देव अर्जुनाला सांगतात की मन आणि बुद्धी दोन्ही माझ्या ठिकाणी ठेव, मग तू माझ्यातच राहशील यात शंका नाही. नवव्यात म्हणतात, असं चित्त स्थिर ठेवणं जमत नसेल तर अभ्यास कर, रोजच्या सरावाने माझ्यापर्यंत ये. दहाव्यात म्हणतात, अभ्यासही जमत नसेल तर निदान कामं माझ्यासाठी म्हणून कर. आणि अकराव्यात आणखी खाली येतात. हेही जमत नसेल तर स्वतःला आवरून सगळ्या कर्मांचं फळ सोडून दे.

कॉलेजात असताना हे श्लोक मला परीक्षेच्या निकालासारखे वाटायचे. आठवा म्हणजे डिस्टिंक्शन, नववा फर्स्ट क्लास, दहावा सेकंड क्लास, आणि अकरावा म्हणजे एटीकेटी. देव दयाळू आहेत, कोणालाच नापास करत नाहीत, एवढाच अर्थ मी घेतला होता. मग बारावा श्लोक यायचा आणि सगळा हिशोब चुकायचा. कारण तिथे देव म्हणतात की अभ्यासापेक्षा ज्ञान बरं, ज्ञानापेक्षा ध्यान, आणि ध्यानापेक्षाही कर्मफळाचा त्याग श्रेष्ठ, त्यातून लगेच शांती. अहो, आत्ताच तर फळाचा त्याग सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला होता! एका श्लोकात तो वर कसा गेला?

मोठमोठ्या टीकाकारांनी इथे डोकं लावलंय. शंकराचार्य म्हणतात की ही त्यागाची स्तुती आहे, माणसाला त्याकडे वळवण्यासाठी केलेली. लोकमान्य टिळकांना ते पटलं नाही. गीतारहस्यात त्यांनी हे वाक्य सरळ घेतलं आणि कर्मयोगाच्या बाजूने उभं केलं. माऊली मात्र वाद घालत नाहीत. ते या श्लोकात चढत्या पायऱ्या दाखवतात आणि शेवटच्या पायरीवर शांतिसुख ठेवतात. तिघांच्या विद्वत्तेपुढे माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाने काय बोलावं? पण मला हे कोडं थोडंसं उलगडलं ते पुस्तकात नाही, मृदंगावर. ते सांगतो.

मी 35 व्या वर्षी मृदंग शिकायला लागलो. आता दोन वर्षं झाली.

आमचं गाव नेवाशापासून तासाभराच्या अंतरावर. ज्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेच नेवासं. आमचे अण्णा गावच्या भजनात चाळीस-एक वर्षं मृदंग वाजवत आले. शेतीचं काम उरकून संध्याकाळी हरिपाठाला, आणि एकादशीला रात्रभर जागराला. मी आठवीत असताना त्यांनी पंढरपूरहून माझ्यासाठी एक लहान मृदंग आणला होता. मी त्याला चार-पाच वेळा हात लावला असेल. मग नववी आली, दहावी आली, सायन्स आलं. तो मृदंग माळ्यावर गेला आणि उंदरांनी त्याची पुडी कुरतडली. अण्णा कधी काही बोलले नाहीत. त्यांनी गावातली दुसरी पोरं शिकवली.

यापुढचं लिहायला जड जातंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजचे तीन मित्र घरी आले होते. ओसरीवर खुंटीला अण्णांचा मृदंग लटकत होता. एकाने हसत विचारलं, "काय रे, घरी भजनी मंडळ आहे का?" मी म्हणालो, "नाही रे, आमच्या काकांचा आहे, ठेवलाय इथे." अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजवर माहीत नाही. संध्याकाळी ते हरिपाठाला गेले तेव्हा मृदंग घेऊन गेले, परत आल्यावर तो ओसरीवर न लावता आत नेऊन ठेवला. कदाचित पावसाची हवा होती म्हणूनही असेल.

हे मनात घेऊन मी पंधरा वर्षं नोकरी केली. मधल्या काळात अण्णांचे कान गेले. आधी फोनवर "काय?" "काय?" व्हायला लागलं, मग टीव्ही मोठा, मग मशीन. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा ते म्हणाले, आता मृदंग वाजवत नाही, गायकाचा आवाज लागत नाही, अंदाजाने वाजवण्यात अर्थ नाही. परत येताना गाडीत मी ठरवलं की शिकायचं. त्यांना थोडंफार ऐकू येतंय तोवर गावच्या सप्ताहात त्यांच्यासमोर वाजवायचं. तारीखही ठरवली. पुढच्या वर्षीच्या माघातला सप्ताह. हातात चौदा-पंधरा महिने धरले होते. एक्सेल शीट केलं, महिन्याप्रमाणे टार्गेट लिहिलं. हसू नका, आमच्या धंद्यात माणूस लग्नाचीसुद्धा शीट करतो.

आळंदीत शिकून आलेले एक महाराज आमच्याकडे भोसरीच्या बाजूला शिकवतात. वय 24. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा दोघंही अवघडलो. वर्गात बाकी सगळी दहा ते चौदा वर्षांची पोरं. ती मांडी घालून तासभर बसायची. माझा पाय वीस मिनिटांत बधिर व्हायचा आणि मी भिंतीला टेकायचो. एका चिमुरड्याने मला "काका, तुम्ही कोणाला सोडायला आलात?" असं विचारलं होतं.

पहिले दोन आठवडे फक्त 'ता'. उजवा हात, बोटं जुळलेली, एकच बोल. मला वाटलं, हे काय, दोन दिवसांत होईल. महिना झाला तरी माझा 'ता' म्हणजे दार वाजवल्यासारखा. मृदंगाचा नाद हात आपटल्याने येत नाही. हात पडला की तत्क्षणी उठावा लागतो, मग कातडं आपोआप बोलतं. हात जरा रेंगाळला की आवाज दाबला जातो. लहान पोरांना हे सांगावंच लागत नाही, त्यांचा हात सैलच असतो. आपल्या हाताला पंधरा वर्षांची घट्ट धरून ठेवायची सवय. मी जेवढा जोर लावायचो तेवढा आवाज मरायचा, आणि आवाज मेला की मी आणखी जोर लावायचो.

डाव्या तोंडाला कणीक लावतात हे तुम्हाला माहीत असेल. भिजवलेल्या कणकेचा गोळा दाबून चिकटवायचा, वाजवून झालं की खरवडून काढायचा. तो वाळू द्यायचा नाही. कणीक सैल झाली तर घसरते, घट्ट झाली तर वाजवता वाजवता सुटून पडते. हिने पोळ्यांच्या कणकेतला गोळा द्यायला सुरुवात केली तेव्हापासून घरात माझ्या शिकण्याला एक प्रकारची मान्यता मिळाली असं म्हणायला हरकत नाही. आधी तिला वाटायचं हे महिनाभराचं खूळ आहे. (जिमचं कार्ड अजून पाकिटात आहे, त्यामुळे तिचंही चूक नाही.)

आता मूळ मुद्दा. तीन-चार महिन्यांनी एक छोटा बोल बसवायला दिला होता. मी फोनवर मेट्रोनोम लावायचो, मिनिटाला साठ ठोके. माझा हात दर वेळी एकाच जागी अडखळायचा. शंभर वेळा केलं, शंभर वेळा तिथेच. महाराज म्हणाले, "लय उतरवा, माऊली." मी पन्नासवर आणली. "अजून उतरवा." चाळीस. "अजून." तीसवर आणली तेव्हा मला अक्षरशः अपमान वाटला. दहा वर्षांचं पोरगं शेजारी साठवर वाजवतंय आणि मी तीसवर. दोन ठोक्यांच्या मध्ये दोन सेकंद. तुम्ही करून बघा, दोन सेकंद किती मोठे असतात ते. तेवढ्यात माझं मन ऑफिसातल्या अडलेल्या रिलीजपर्यंत जाऊन यायचं, मुलीच्या शाळेची फी भरायची राहिली हे आठवून यायचं, आणि परत येईपर्यंत ठोका निघून गेलेला असायचा. वेगात वाजवताना हे कळतच नव्हतं. वेग सगळं झाकतो. लय उतरली की तुम्ही कुठे नसता ते दिसतं.

त्या दिवशी घरी येताना आठवा आणि नववा श्लोक डोक्यात घुमत होते. चित्त स्थिर ठेव, हे साठचं लयीतलं वाजवणं. जमत नाही? मग अभ्यास. म्हणजे देवांनी अर्जुनाला खालच्या वर्गात घातलं नाही. लय उतरवली. बोल तोच आहे, त्यातला एक ठोकाही कमी केलेला नाही. आणि उतरलेली लय सोपी असते असं ज्याला वाटतं त्याने ती वाजवलेली नसते.

नवव्या श्लोकावर माऊलींनी जे सांगितलंय ते तर माझ्यासारख्या नोकरदारासाठीच आहे असं वाटतं. ते म्हणतात, सगळं चित्त देता येत नाही ना, मग असं कर, आठ प्रहरांतलं एक निमिष देत जा. बस. दिवसातून क्षणभर. मग त्या क्षणाला जेवढं सुख दिसेल तेवढी बाकीच्या गोष्टींची चव आपोआप उतरेल. आणि दाखले कसले दिलेत बघा. शरद ऋतू लागला की नद्या ओसरायला लागतात, तसं चित्त प्रपंचातून ओसरेल. पुनवेनंतर चंद्र दिवसेंदिवस कमी होत अवसेला दिसेनासा होतो, तसं. नदी अमुक दिवशी ओसरली असं कोणी सांगू शकतं का? काठावरच्या माणसालाही एक दिवस अचानक दगड उघडे पडलेले दिसतात. पुढे माऊली हेही सांगतात की अभ्यासाच्या बळावर कोणी वाघ-साप वश केले, कोणी विष पचवलं, कोणी समुद्रावर पायवाट केली, अभ्यासाला अवघड असं काही नाहीच. पण एवढ्या मोठ्या गोष्टींची सुरुवात त्यांनी निमिषापासून केलीय, हे विसरू नये.

मी रविवारी तीन-तीन तास बसायचो आणि आठवडाभर हात लावायचो नाही. महाराजांनी ते बंद केलं. रोज पंधरा मिनिटं, ताप असला तरी. सोसायटीत पहाटे मृदंग वाजवला तर सेक्रेटरीचा मेसेज येतो, म्हणून मांडीवर बोल म्हणत, नाहीतर पार्किंगमध्ये गाडीत बसून. आणि एक गंमत मी पुन्हा पुन्हा अनुभवली. रात्री जो बोल काही केल्या बसत नाही तो दोन-तीन दिवसांनी सकाळी सहज हातातून निघतो. मधे आपण काहीच केलेलं नसतं, झोपलेलो असतो. म्हणजे शिकणारा फक्त 'मी' नाही. मी निमिष द्यायचं, बाकीचं काम कुठेतरी आत दुसरंच कोणी करतं.

दहावा श्लोक कळायला वर्ष लागलं. हात बसल्यावर महाराजांनी मला भजनात मागे बसवायला सुरुवात केली. तिथे कळलं की इतके दिवस मी फक्त माझंच ऐकत होतो. मृदंग साथीचं वाद्य आहे. गाणारा थांबला तर थांबायचं, त्याने चाल बदलली की आपणही बदलायचं, आपल्याला येणारा सुंदर तुकडा तिथे बसत नसेल तर गिळायचा. माऊली या श्लोकावर म्हणतात की माळी नेईल तिकडे पाणी निमूट जातं, तसा हो. हा दाखला शेतकऱ्याच्या पोराला वेगळा समजवावा लागत नाही. रात्री उसाला पाणी धरताना अण्णांच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडात मी ते पाणी बघितलंय. खोऱ्याने माती ओढली की हे दार बंद, ते दार उघडं, आणि पाणी तिकडे वळतं. रथ कधी म्हणतो का, मी सरळ जाईन, आडवा जाणार नाही? असंही माऊली विचारतात. मला मात्र खूप वाटायचं, या जागी माझा तुकडा वाजलाच पाहिजे.

आणि आता अकरावा. फळ.

माघ आला. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळच्या हरिपाठाला मला उभं करायचं ठरलं. गळ्यात पट्टा, समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, विणेकरी मधे. अण्णा खांबाला टेकून खुर्चीवर. माझी नजर सारखी त्यांच्याकडे. सुरुवातीचे दहा-बारा अभंग बरे गेले. मग नेहमीप्रमाणे लय चढायला लागली, टाळकऱ्यांची पावलं जोरात पडायला लागली. आणि माझा खांदा आवळला. जुनंच दुखणं, घट्ट धरायचं. हात मागे पडला, तो भरून काढायला मी पळालो, सम निसटली. दोन्ही रांगांचे टाळ वेगवेगळे पडायला लागले. विणेकऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण बघितलं. तेवढ्यात आळंदीला शिकणारा गावातला एक सोळा वर्षांचा मुलगा शेजारी आला, त्याने माझ्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि पुढच्या ओळीवर लय धरली. टाळ थांबलेसुद्धा नाहीत. त्याचे पहिले धडे कोणाकडे झाले होते? अण्णांकडे.

मी रांगेच्या टोकाला जाऊन टाळ हातात घेतला. डोळे वर करायची हिंमत नव्हती. शेवटी बघितलं तर अण्णा मान हलवत होते, चेहऱ्यावर समाधान. मला कळेना. जवळ गेलो तेव्हा दिसलं, कानातलं मशीन काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. लाऊडस्पीकरजवळ ते शिट्टी मारतं म्हणून. म्हणजे मी पंधरा महिने ज्यासाठी राबलो ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. चांगले वाजवलेले दहा अभंगही नाही, आणि चुकलेलाही नाही.

रात्री अंगणात बाजेवर बसलो होतो. अण्णा एकदम म्हणाले, "खांदा वर चढतो तुझा. हात मारू नको, पडू दे."

मी मोठ्याने विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकायला कशाला पाहिजे, दिसतंय ना."

बाकी काही नाही. मग उद्याच्या महाप्रसादाच्या पोत्यांचा विषय निघाला.

माऊली, पुण्याला आल्यावर मला वाटलं होतं की झालं, फळ गेलं, आता मी मोकळा, हाच तो अकरावा श्लोक. तीन दिवस मी स्वतःवर खूश होतो. चौथ्या दिवशी मृदंग घेतला तर हातात पहिला विचार आला, पुढच्या माघात. लगेच शीटमध्ये नवी तारीख! तेव्हा लक्षात आलं की फळ हातातून जाणं आणि आपण फळ सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेलं फळ माणूस दुसऱ्या झाडावर शोधतो. म्हणून देवांनी तिथे 'स्वतःला आवरून' अशी अट घातलीय. ती अट मी आधी वाचलीच नव्हती, एटीकेटीवाला श्लोक म्हणून पुढे गेलो होतो.

या पाच श्लोकांतलं सगळ्यात सावकाश लयीतलं वाजवणं म्हणजे फळाचा त्याग, असं मला आता वाटतं. इथे करायला काहीच दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात सोपं वाटतं. आणि करायला काही नसतं म्हणूनच दोन ठोक्यांच्या मधे मन कुठे जातं ते लपवता येत नाही. बाराव्या श्लोकात देव त्याला वर का ठेवतात, ते मला मृदंगाच्या बाजूने असं दिसलं. शास्त्राच्या बाजूने ते बरोबर आहे की नाही, हे जाणकारांनी सांगावं. चुकत असेन तर लय उतरवून पुन्हा वाचेन.

मला ते जमलेलं नाही, हेही स्पष्ट लिहितो. मी अजून फळ धरून आहे. आणि ते फळ वाहवा नव्हतंच कधी. अण्णांनी एकदा माझा मृदंग ऐकावा आणि ओसरीवरचं ते वाक्य पुसलं जावं, असा तो सौदा होता. काकांचा आहे, ठेवलाय इथे. मी वाजवतोय बघा, आता ते नाही ना धरणार? देवाशी नाही, बापाशी केलेला व्यवहार. साधना म्हणून जे पंधरा महिने चाललं होतं त्यात व्यवहाराचा भाग किती होता, हे सम निसटल्यावरच मला दिसलं.

ते वाक्य मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर आता ओरडून सांगावं लागेल, आणि अशी गोष्ट ओरडून सांगता येत नाही. एकदा कागदावर लिहून बघितलं, पण चष्मा लावून ते वाचत असताना मी समोर बसायचं कसं, हेच कळेना. तो कागद ज्ञानेश्वरीत बाराव्या अध्यायातच ठेवलाय. आजचं चिंतन लिहायला पोथी उघडली तेव्हा तोच आधी हातात आला.

मधल्या काळात एक गोष्ट सुरू झालीय. सकाळी सहाला मी गावी व्हिडिओ कॉल लावतो. आई फोन तांब्याला टेकवून अण्णांसमोर ठेवते. मी पंधरा मिनिटं वाजवतो, हळू, तीसवर. पार्किंगच्या कोपऱ्यात, गादीच्या आडोशाला बसून, म्हणजे सेक्रेटरींनाही त्रास नाही. अण्णांना आवाज येत नाही. ते फक्त बघतात. कधी आपला डावा हात उचलून सैल सोडून दाखवतात. कधी खांद्याकडे बोट करतात. परवा पंधरा मिनिटांत एकदाही बोट केलं नाही, आणि मी लगेच खूश झालो, आणि खांदा लगेच वर चढला, आणि त्यांनी बोट केलं.

उद्या श्लोक 13 पासून भक्ताची लक्षणं सुरू होतात. ती मात्र एकेक करून, सावकाश घेऊ.

सहाला दहा मिनिटं कमी आहेत. हिने ओट्यावर कणकेचा गोळा काढून ठेवलाय, वर ओलं फडकं आहे. मी खाली जातो.

राम कृष्ण हरी.